पानं उलटणारी

दॉर्द्रेख्तच्या या घरात सून म्हणून आले तेव्हा
जिन्यात जवसाच्या तेलाचा वास होता
आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी चेलोवर
एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होतं.

मी कालव्याच्या दारांवरच्या राखणदाराची मुलगी.
बाबा दोन पाण्यांची उंची सारखी करायचे
आणि मगच होडी सोडायचे.
माहेराहून आणलं ते एवढंच:
थांबायचं, पाणी चढू द्यायचं, मग चाक फिरवायचं.

सासरे लुबर्ट, चित्रकार.
नणंद आलेइडा नाटकातली,
बटाटे सोलता सोलता राणी होऊन मरायची,
साल मात्र तुटू द्यायची नाही.
तिचा नवरा च्यालिंग, तो चेलोवाला;
त्याची बहीण माझ्या धाकट्या दिराला दिलेली,
सरळ साटंलोटं.
तीही रंगवायची, पण फक्त पंखे, आणि तेही उधारीवर.
कोण कुणाचा कोण
हे लग्नाच्या जेवणात मला समजावता समजावता
सूप गार झालं.

तुला काय येतं, असं कुणी विचारलं नाही.
रात्री पियानोशी बसलेला माझा नवरा, विबे,
न वळताच म्हणाला: पानं उलटशील?

सुरांची लिपी मला आजही येत नाही.
मी त्याच्या मानेकडे बघायचे.
मान तसूभर खाली गेली
की चाक फिरवायचं.

आणि हात.
सासऱ्यांना हात जमत नसत,
ही गोष्ट घराबाहेर गेली नाही कधी.
चेहरे ज्याचे त्याचे, रेशमाच्या चुण्या ज्याच्या त्याच्या,
हात माझे.
नगराध्यक्षाच्या बायकोला माझे हात,
सिंहासनावरच्या आलेइडाला माझे हात,
एकदा तर एका बिशपलासुद्धा,
तेव्हा तीन दिवस मी नखं घासत होते.

च्यालिंगचं चित्र त्यांनी आरशातून काढलं.
गज डाव्या हातात आला.
"मी काय डावखुरा भिकारी आहे?"
या एका वाक्यावर सासरा-जावई अकरा वर्षं बोलले नाहीत.
एकाच टेबलावर जेवायचे.
मीठ हवं असलं तर मला सांगायचे,
मी ते पलीकडे सांगायची.

मग तो हिवाळा आला, कोळसा नसलेला.
माळ्यावर आलेइडाच्या मंडळीचे पडदे, चौकटी होत्या.
आधी आम्ही बाग जाळली.
मग राजवाडा, दोन रात्री पुरला.
तिसऱ्या अंकाचं दार तिनं भिंतीला टेकवून उभं केलं,
त्यातून एकदा बाहेर गेली, मान उंच,
परत आली, आणि म्हणाली, घ्या.

दार संपल्यावर च्यालिंग उठला.
भिंतीवरचं आपलं डावखुरं चित्र उतरवलं.
आम्ही सगळे गप्प.
त्यानं खिळे एकेक करून काढले,
कॅनव्हास गुंडाळला, सदऱ्यात बांधला,
चेलोच्या पेटीत ठेवला,
आणि नुसती चौकट शेगडीत घातली.
सासरे बघत होते.
बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाले:
च्यालिंग, मीठ दे.
टेबलावर मीठ घालण्यासारखं काही नव्हतं.
त्यानं दिलं.

आता सगळे गेले.
काल संग्रहालयातला एक मुलगा आला होता,
कागदावर घराण्याचं झाड काढून.
नावांखाली बारीक अक्षरांत: चित्रकार, अभिनेत्री, वादक.
माझ्या नावाखाली कागद कोरा.
त्यानं तिथे पेन्सिल ठेवली, उचलली,
आणि भिडेनं विषय बदलला.

म्हणाला, राणीच्या चित्रात अंगठ्यावर एक डाग आहे,
अभ्यासकांना त्यात
सत्तेची जखम दिसते, निबंध लिहिलेत दोन.
तुम्हाला काय वाटतं?

मी त्याला चहा ओतून दिला.
वर्षाच्या शेवटच्या रात्री
मनुकांचे गोळे तळताना
तेल उडालं होतं, एवढंच.
त्यानं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं,
मग वहीचं पान उलटलं,
जरा घाईनंच.